विषय: लॉबीतल्या मातीच्या लाद्या, ॲसिड आणि तो चकचकीत कोट (तिसरं पत्र)

मा. अध्यक्ष महोदय,

सप्रेम नमस्कार. पहिल्या पत्राला सेक्रेटरींनी व्हॉट्सॲपवर नुसता अंगठा पाठवला, दुसऱ्याला तोही नाही, म्हणून हे लेखी देतेय आणि पोच हवीय, शिक्क्यासकट.

विषय तोच, ए-विंगच्या लॉबीतल्या लाल मातीच्या लाद्या. बिल्डिंग झाली तेव्हापासूनच्या आहेत, पाचपाखाडीत आता अशी लॉबी शोधावी लागेल. गणपतीच्या आठवडाभर आधी 002 च्या साहेबांनी कुणाला न विचारता टॉयलेटचं ॲसिड आणून वॉचमनकडून लॉबी धुवून घेतली. मी दूध आणायला खाली उतरले तर सांध्यांतून फेस येतोय, डोळे चुरचुरतायत. म्हटलं, अहो ह्या लादीला ग्लेझ नाही, वर पडेल ते पिऊन टाकते, आणि ॲसिड सांध्यातलं सिमेंट खातं. तर म्हणे, "काकू, बाप्पा तोंडावर आलेत, जरा चमकायला नको?" काकू! माझ्याहून दोन वर्षांनी मोठे आहेत ते.

दोन दिवसांत खार फुटला, म्हणजे आतले क्षार ओलीबरोबर वर आले, पांढरे. तो झाकायला त्यांच्या भाच्याने भर पावसात, लाद्या ओल्या असताना, चकचकीत कोट मारला. आता ती ओल खालून वर यायला बघते आणि वाट नाही म्हणून कोट दुधासारखा झालाय. लिफ्टसमोरच्या लादीवर मी नख लावलं तर पापडासारखा तुकडा निघाला, खाली गार ओल आणि पिठासारखी भुकटी. फोटो ग्रुपवर टाकलाय, त्यावर कुणीतरी नमस्काराचा इमोजी टाकला, का ते माहीत नाही.

साहेबांचं म्हणणं, खार माझ्या कुंड्यांमुळे आला. जिन्याखालच्या तीन कुंड्या माझ्या, मी कधी नाकारलं नाही, पण कुंडीचा डाग गोल येतो, अख्खी लॉबी गोल नाहीये. आणि जिना मोकळा ठेवायचा नियम कृपया मला वाचून दाखवू नका, तो वेगळा विषय आहे. कॉमन जागेची दुरुस्ती सोसायटीची, असं उपविधीत स्वच्छ लिहिलंय, दुरुस्ती निधीही बांधकाम खर्चाच्या वर्षाला किमान 0.75 टक्के घ्यायचा असतो आणि मी तो एकदाही थकवलेला नाही. हे सगळ्यांबद्दल म्हणता येईल का, ते ट्रेझररना विचारा. 104 चे आजोबा, 301 च्या वहिनी, खरं तर सगळी विंग माझ्या बाजूची आहे, फक्त सही कुणी देत नाही कारण पार्किंगची यादी साहेबांकडे असते.

कमिटीने वरून व्हिट्रिफाइड, म्हणजे त्या गुळगुळीत तयार लाद्या, बसवायचं कोटेशन मागवलंय असं कळलं. अहो, गरजच नाही. आधी कोट रिमूव्हरने काढा, पण एका कोपऱ्यात करून बघा मगच पुढे. लाद्या साध्या सौम्य साबणाने, नायलॉनच्या ब्रशने, कमीत कमी पाण्यात धुवायच्या आणि पाणी लगेच टिपून घ्यायचं. खार फुटेल तो कोरड्या ब्रशने झाडायचा, पाण्याने धुतला की विरघळून परत आत जातो. मग थांबायचं. पाऊस गेल्यावर काही आठवडे, खरोखर थांबायचं. रात्री प्लास्टिकचा तुकडा चारही कडांनी चिकटवून ठेवा, सकाळी खाली थेंब दिसले तर आत अजून ओल आहे. कोरडं झालं की आत मुरणारा सीलर, नाहीतर उकळलेलं जवसाचं तेल पातळ हाताने लावून वरचं लगेच पुसून घ्यायचं. वर पाण्याचा थेंब टाका, न मुरता टिकला की झालं.

खर्च 002 कडून वसूल करावा. सगळा नाही, अर्धा चालेल, मी समंजस आहे.

आणि तेलाची फडकी गोळा करून वॉचमनच्या केबिनमध्ये ठेवू नका, आपोआप तापून पेट घेतात, पाण्यात बुडवून मगच टाका. ॲसिडची अर्धी बाटली अजून मीटर रूममध्ये आहे. ती आधी हलवा. मग मी कुंड्या हलवते.

आपली,
203, ए-विंग