काळा करण्याआधी

प्रिय बंड्या,

तुझ्या गिटारीचे फोटो मिळाले. मोठे करकरून बघितले. "फ्रेटबोर्ड पांढरा पडलाय, काळाकुट्ट करायचाय, कुठला रंग आणू?" असं तारांखालच्या त्या लाकडी पट्टीबद्दल विचारतोस. रंगाचं मागाहून बघू. तिसऱ्या फोटोत पहिल्या तीन घरांमध्ये, फ्रेटच्या, म्हणजे त्या आडव्या धातूच्या पट्ट्यांच्या, कडेकडेने जी करडी साय दिसतेय ना, तो काही लाकडाचा रंग नव्हे. ते तूच आहेस! घाम, बोटांचं तेल, मेलेली कातडी आणि गंजक्या तारांची पूड. सहा वर्षं तू तेच पहिल्या तीन घरांतले चार ओपन कॉर्ड वाजवतोस, मग मळ तरी दुसरीकडे कुठे साठणार? बाराव्या फ्रेटच्या पुढे बघ, बोर्ड अजून दुकानातल्यासारखा आहे.

आधी लाकूड कुठलं ते ओळख. मॅपल असेल तर फिकट पिवळट दिसतं आणि बहुतेक वेळा वर चकचकीत लॅकर असतो. त्याच्या आत तेल जात नाही, रंगही नाही. दमट फडक्याने पुसायचं आणि सोडून द्यायचं. तुझ्याकडे तसं नाही. तपकिरी रंगावर उभ्या बारीक रेघा, म्हणजे लाकडाची भोकं उघडी आहेत. मी आधी शिसवी म्हणणार होतो, पण तू गिटार २०१८ मध्ये घेतलीस हे आठवलं आणि थांबलो. २ जानेवारी २०१७ पासून शिसवीच्या सगळ्या जाती साइट्स करारात, म्हणजे धोक्यातल्या प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय करारात, आल्या. गिटार सीमेपार पाठवायची तरी कागदपत्रं लागायला लागली, त्यामुळे कितीतरी कंपन्या पाउ फेरो आणि लॉरेल या दुसऱ्या लाकडांकडे वळल्या. तयार वाद्यांना सूट मिळाली ती २०१९ च्या नोव्हेंबर अखेरीस. तेव्हा तुझा बोर्ड 'पांढरा पडला' नसून मुळातच फिकट लाकडाचा असायची दाट शक्यता आहे. त्याला तू उगाच आजारी ठरवतोयस.

आता साफसफाई. सगळ्या तारा काढ. एकदम सगळ्या काढल्या की गिटारीची मान वाकते म्हणतात, त्याकडे लक्ष देऊ नकोस, तासा-दोन तासांत मानेला काही होत नाही. तारा जिथे अडकतात तो ब्रिज स्प्रिंगवर तरंगणारा असेल तर मात्र त्याच्याखाली लाकडाचा ठोकळा किंवा घडी केलेलं फडकं सरकव, नाहीतर तारा निघाल्या की तो मागे पडतो.

फ्रेटच्या कडेचा मळ जुन्या प्लॅस्टिक कार्डाच्या कोपऱ्याने खरवड. पेन्सिल खोडल्यावर रबराच्या वळ्या निघतात तशा वळ्या निघतील. किळस येईल, पण त्यात एक आसुरी आनंद आहे, तू नाकारू नकोस. मग सुती फडक्यावर थोडा नाफ्था घे, लायटरमध्ये भरतात तो. खिडकी उघडी ठेव आणि आसपास काही पेटतं ठेवू नकोस. नाफ्था तेलकटपणा उचलतो आणि झटकन उडून जातो, लाकूड फुगवत नाही. पाण्याने ओलं फडकं घासत बसू नकोस.

तरीही मळ चिकटलेला राहिला तर ०००० नंबरचं स्टील वूल (लोखंडाच्या तारांची अगदी बारीक लोकर) हलक्या हाताने, लाकडाच्या रेघांच्या दिशेने फिरव. पण त्याआधी पिकअप, म्हणजे तारांखालचे आवाज टिपणारे चुंबक, टेपने पूर्ण झाक! मी पहिल्यांदा झाकले नव्हते. दहा मिनिटांत माझ्या पिकअपला दाढी आली. लोखंडाचे केसाएवढे तुकडे लोहचुंबकाला उभे चिकटलेले, फुंकर मारली तर आणखी आत जायचे. शेवटी चिकटपट्टीचा तुकडा बोटाला उलटा गुंडाळून, टेकव-उचल, टेकव-उचल करत एक अख्खी संध्याकाळ घालवली. एक-दोन केस अजून आत असतील.

एवढं झालं की बोर्ड आणखीच फिका, खडूसारखा दिसेल. घाबरू नकोस. आता तेलाची वेळ. 'लेमन ऑइल' म्हणून बाटल्या मिळतात, त्यांतल्या बऱ्याच म्हणजे लिंबाचा वास घातलेलं मिनरल ऑइल. खऱ्या लिंबाच्या सालीचं तेल हे द्रावक असतं, मळ विरघळवतं आणि उडून जातं. लाकडाला मुरवायला आपल्याला मिनरल ऑइलच हवं, तेव्हा या फसवणुकीबद्दल माझी तक्रार नाही. स्वयंपाकघरातल्या तेलाकडे मात्र हात नेऊ नकोस. ते काही महिन्यांनी खवट होतं, चिकट होतं आणि मळाला आमंत्रण देतं. पूर्ण बोर्डला पाच-सहा थेंब पुरतात. फडक्यावर घे, चोळ, पाच मिनिटं थांब आणि कोरड्या फडक्याने अगदी खसखसून पूस. बोटाला तेल लागता कामा नये.

त्या पाच मिनिटांत समोर बसून राहा. रंग भराभर परत येतो. ओला दगड काळा दिसतो ना, तसंच आहे हे. कोरड्या लाकडाच्या भोकांत हवा असते, तिच्यामुळे उजेड विखुरतो आणि लाकूड पांढुरकं दिसतं. तेलाने ती भोकं भरली की उजेड आत शिरतो आणि लाकूड गडद दिसायला लागतं. म्हणून तर मिनरल ऑइलचा गडदपणा टिकत नाही. ते कधी वाळत नाही, हळूहळू पुसलं जातं. वर्षातून एक-दोनदा पुरे, दर महिन्याला ओतत बसायची गरज नाही. जवसाचं किंवा टंगचं (एका झाडाच्या बियांचं) तेल वाळून घट्ट होतं आणि त्याचा गडदपणा जास्त टिकतो. पण त्याची फडकी बोळा करून कोपऱ्यात टाकू नकोस. तेल वाळताना उष्णता निघते आणि असा बोळा आपोआप पेट घेऊ शकतो. पसरून वाळत घाल, नाहीतर पाण्यात बुडवून ठेव.

मानेच्या कडेवरून हात फिरवल्यावर फ्रेटची टोकं टोचत असतील तर तेही कोरडेपणाचंच लक्षण. लाकूड आकसतं, धातू आकसत नाही. खोलीत आर्द्रता ४५ ते ५५ टक्क्यांच्या आसपास राहिली तर तेलापेक्षा त्याचा उपयोग जास्त.

आणि आता तुझा तो काळा रंग. माझी दुसरी गिटार आठवतेय, क्रीम बाइंडिंगवाली, म्हणजे कडेला क्रीम रंगाची प्लॅस्टिकची पट्टी असलेली? तिचा बोर्ड मी चामड्याच्या काळ्या रंगाने रंगवला होता. तुला हे कधी सांगितलं नाही, कारण लाज वाटत होती. पेंट किंवा वॉर्निश वर बसतं आणि बोटांनी खरवडून जातं. स्पिरिटमधला चामड्याचा रंग आत मुरतो, इथवर माझी माहिती बरोबर होती. बाइंडिंगवर मास्किंग टेप लावली, कड नखाने दाबली आणि ब्रश फिरवला. स्पिरिट पातळ असतं, टेपखालून कसं पळालं कळलंसुद्धा नाही. टेप काढली तर पाचव्या फ्रेटपाशी जांभळट काळा ओघळ. पुसल्यावर तो आणखी पसरला. शेवटी ब्लेड आडवं धरून प्लॅस्टिक खरवडलं. आजही तिथे बोट लावलं की खळगा लागतो. वर आठवडाभर वाजवल्यावर बोटं काळी, नव्या तारा काळ्या. कोरडं फडकं स्वच्छ निघेपर्यंत पुसायचं असतं, मी दोनदा पुसून खूश झालो होतो.

व्हिनेगरमध्ये स्टील वूल भिजवून काळं करायची युक्तीही तुझ्या कानावर येईल. लोखंड लाकडातल्या टॅनिन या तुरट द्रव्याशी जुळून काळं पडतं, हे खरं आहे. पण तुझ्या लाकडात टॅनिन किती, कुणास ठाऊक. शिवाय बोर्डवरचे खुणेचे ठिपके खऱ्या शिंपल्याचे असतील तर आम्ल त्यांना खाईल. सुट्या फळीवर कर, जोडलेल्या गिटारीवर नको.

आणि काळा म्हणजे उंची, हे तरी कुणी ठरवलं? काळ्या बोर्डांसाठी वापरतात त्या आबनूसचं बघ. टेलर गिटार्सच्या बॉब टेलर यांनी २०११ मध्ये कॅमेरूनमधली आबनूसची गिरणी भागीदारीत घेतली. तिथे त्यांना कळलं की तोडणारे दहा झाडं पाडायचे तेव्हा कुठे एक आतून पूर्ण काळं निघायचं, आणि पट्टे असलेली नऊ जंगलातच कुजत पडायची. आता ते पट्ट्यांचं लाकूडही वापरतात. मी तर मुद्दाम पट्टेवाला बोर्ड घेईन.

एवढ्यावरही तुला रंगवायचाच असेल तर निदान क्रम चुकवू नकोस. तेल मुरलेल्या लाकडावर रंग धरत नाही. तरी आत्ता फक्त साफ कर, तेल लाव आणि महिनाभर वाजव. त्यानंतरही फिका वाटला तर पुन्हा नाफ्थाने तेल काढ आणि मला फोन कर, ब्रश हातात घ्यायच्या आधी. मी येतो, बाइंडिंगला टेपऐवजी मेण लावून बघू.

रविवारी साफ करशील तेव्हा बोर्डचा फोटो नको पाठवूस. फडक्याचा पाठव.

तुझा,
अव्या