मणक्याला हवी रोजची चाल

रविवार पुरवणीतील कायरोप्रॅक्टिक उपचारांवरचा (मणका हाताने दाबून-हलवून करायच्या उपचारांवरचा) लेख वाचला. या उपचारांनी अनेकांची कंबर हलकी होते, हे त्यातील म्हणणे मला मान्य आहे. जागतिक आरोग्य संघटनेनेही डिसेंबर २०२३ मधील जुनाट कंबरदुखीविषयक मार्गदर्शक सूचनांत मणक्यावरील हस्तोपचारांना स्थान दिले आहे. पण ते व्यायाम आणि रुग्णशिक्षण यांच्या जोडीने. लेखातून नेमके हेच निसटले. ठरावीक दिवसांनी मणका ‘बसवून’ घेतला की निरोगी जीवनशैली साधली, असा त्याचा सूर आहे आणि तो मला काळजीचा वाटतो.

‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या ऑस्ट्रेलियातील चाचणीत कंबरदुखीतून नुकतेच बरे झालेले ७०१ जण होते. फिजिओथेरपिस्टच्या मार्गदर्शनाखाली ज्यांना चालण्याची सवय लावली, त्यांचे दुखणे पुन्हा उलटायला साधारण २०८ दिवस गेले. इतरांचे ११२ दिवसांतच उलटले. चालायला ना टेबल लागते, ना पॅकेज. दिवसभर खुर्चीत बसून संध्याकाळी दुचाकीवर खड्डे झेलणाऱ्या वाचकांना ही माहिती आधी मिळायला हवी होती.

शिवाय पायात बधिरपणा वाढत असेल किंवा लघवीवरचा ताबा सुटत असेल, तर मणक्यावर कोणाकडूनही दाब न देऊन घेता तातडीने रुग्णालय गाठावे, ही सूचना लेखात कुठेच नाही. पुढच्या पुरवणीत ती ठळकपणे छापावी, ही विनंती.

– एक वाचक, पुणे