उभ्या माणसालाही मोजा

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

धुळ्याच्या आग्रा रोडवर गर्दी वाढली की आपल्या पत्रव्यवहारात एकच उपाय येतो : हातगाड्या उठवा. पाच कंदिलाजवळच्या माझ्या बांगड्यांच्या दुकानातून मी बेचाळीस वर्षं हा रस्ता बघतोय. माझं म्हणणं जरा निराळं आहे.

मुलगा पुण्याला इंजिनिअरिंग शिकतो. दिवाळीला आला तेव्हा त्यानं आमच्या गल्लीचं तोंड कॉम्प्युटरात उतरवलं. गर्दीतली माणसं कशी चालतील हे दाखवणारं जर्मनीतल्या युलिश संशोधन केंद्राचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं. पडद्यावर माणूस म्हणजे ठिपका. त्याला जायचं ठिकाण दिलं की तो तिकडे ओढ घेतो आणि वाटेत दुसऱ्या ठिपक्यांपासून, भिंतीपासून अंग चोरतो. डर्क हेल्बिंग आणि पीटर मोल्नार यांनी 1995 साली हे गणित मांडलं. त्यात मोकळ्या वाटेवरची चाल सेकंदाला सरासरी 1.34 मीटर धरलीय. येणारे-जाणारे ठिपके न सांगता आपापल्या रांगा धरतात, हे बघून मी चाट पडलो. दुकानातून रोज हेच तर दिसतं!

‘‘बघा पप्पा, रस्ता पुरतो.’’

मी विचारलं, ‘‘यातली बांगड्या भरणारी कोणती?’’

एक बाई आत बसते. तिच्याबरोबरच्या चौघी पायरीखाली उभ्या राहतात, त्यातली एक ‘काय भाव शे?’ करत शेजारच्या दुकानाकडे वळलेली असते. मुलानं चार ठिपके पायरीशी उभे केले, दोन मोटरसायकली टेकवल्या (एक माझीच, काय लपवायचं) आणि मागे लगेच तुंबलं. हातगाडी तर अजून पडद्यावर आलीच नव्हती.

बाहेरचे आकडेही इथे तसेच्या तसे लागू पडत नाहीत. भारतीय आणि जर्मन माणसांच्या चालण्याची तुलना 2009 साली प्रसिद्ध झाली. दाटी वाढली तरी आपली चाल त्यांच्याइतकी मंदावत नाही, असं त्यात आढळलं. श्रावणातल्या आमच्या कानबाईच्या सणाच्या आदल्या शनिवारी माझ्या दुकानासमोर कुणीही येऊन खात्री करावी.

ब्रिटिश अमदानीत कॅप्टन ब्रिग्जच्या काळात या गावाच्या गल्ल्या सरळ रेषेत आखल्या गेल्या, म्हणजे नकाशा सोपा आहे. अवघड आहे ती मोजणी. भारतीय रस्ते परिषद पदपथावर किमान 1.8 मीटर मोकळी रुंदी सांगते. त्या मोकळ्या रुंदीत माझ्या पायरीखालच्या चौघी धरायच्या की नाही?

म्हणून विनंती एवढीच, की रस्त्याचा कोणताही आराखडा करण्याआधी दोन दिवस मोजणी व्हावी : एक साधा मंगळवार आणि एक कानबाईच्या आदला शनिवार. किती जण गेले त्याबरोबर किती जण थांबले, कुठे आणि किती वेळ, हेही लिहावं. गावातल्या इंजिनिअरिंगच्या पोरांना हे सहज जमेल. कॅमेरा लावायला माझी माडी मोकळी आहे. मोटरसायकल त्या दिवशी घरी ठेवीन... नाही, नको. रोजच्यासारखी तिथेच राहू द्यावी.

आपला,
एक बांगडीवाला,
पाच कंदील, धुळे