जत-आटपाडीच्या गाठी, परळची तपासणी : मदतीचे आवाहन

सप्रेम नमस्कार,

सांगली जिल्ह्यातल्या दुर्मीळ कर्करोगाच्या रुग्णांना वेळेवर तपासणी आणि उपचार मिळावेत, म्हणून आमचं मंडळ ही मदत मागत आहे. लाखात वर्षाला सहाहून कमी जणांना होणारा कर्करोग युरोपात दुर्मीळ धरतात. हाडाचा ऑस्टिओसार्कोमा तर वर्षाला दहा लाखांत तीन-चार जणांना होतो. २०११ च्या जनगणनेतली आपल्या जिल्ह्याची २८ लाख वस्ती धरली, तर वर्षाला आठ-दहा रुग्ण, तेही दहा तालुक्यांत विखुरलेले. जतच्या एखाद्या डॉक्टरांना सगळ्या कारकिर्दीत असा रुग्ण एकदाच दिसेल, कदाचित दिसणारही नाही.

शिवाय दुर्मीळ काय, हे मुलखावर ठरतं. पित्ताशयाचा कर्करोग गंगेच्या खोऱ्यात नेहमीचा, आपल्याकडे क्वचित. नाकामागच्या घशाचा नागालँडमध्ये जास्त. आपल्याकडे तंबाखू-मिश्रीमुळे तोंडाचे रुग्ण सतत येतात, तिथे इथली नजर पक्की आहे. मांडीतली खोल गाठ मात्र ‘चरबीची असेल’ म्हणून काढली जाते आणि घोळ तिथेच होतो.

सार्कोमाची, म्हणजे हाड, स्नायू, चरबी यांत होणाऱ्या कर्करोगाची, गाठ एमआरआय न करता, आडवा छेद घेऊन काढली की तिच्या पेशी आजूबाजूला पसरतात. दुसरं ऑपरेशन बरंच मोठं करावं लागतं, कधी पायही जातो. म्हणून गाठ पाच सेंटिमीटरहून मोठी, खोल किंवा वाढती असेल तर आधी एमआरआय, मग सुईने तपासणीसाठी तुकडा (बायोप्सी). सुई गेलेली वाट पुढे गाठीबरोबर काढावी लागते, तेव्हा सुई कुठून घालायची हे ऑपरेशन करणाऱ्या सर्जनलाच विचारावं. मुलाच्या गुडघ्यावरची सूज उतरत नसेल तर चोळून घेऊ नका, एक्स-रे काढा.

तुकडा दहा टक्के फॉर्मालिनमध्ये (तो टिकवणाऱ्या द्रवात), तुकड्याच्या दहापट द्रवात ठेवायचा, सलाइनमध्ये नाही. हाडाचा तुकडा तीव्र ॲसिडात मऊ केला तर पुढची जनुकीय तपासणी बिघडते, हे लॅबला आधी सांगा. लॅबमध्ये तुकड्याचा मेणाचा ब्लॉक होतो : काड्यापेटीहून लहान, जाळीदार प्लास्टिकवर बसवलेला, कडेला नंबर. परळच्या टाटा रुग्णालयात जाताना नुसत्या काचा (सूक्ष्मदर्शकाखाली पाहायच्या स्लाइड) नेऊन भागत नाही, हा ब्लॉकच लागतो. तो मागून घ्या. रिपोर्टवरचा आणि ब्लॉकवरचा नंबर जुळतो का, तिथेच पाहा. एप्रिल-मेमध्ये गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवलात तर मेण मऊ पडतं. एमआरआयची फिल्म पुरत नाही, सीडीही हवी.

जन आरोग्य योजनेत ऑपरेशन, केमो बसतं. सोबतच्या माणसाचं मुंबईतलं राहणं-खाणं आणि बुडालेली रोजंदारी बसत नाही. रेल्वेत स्लीपर आणि थ्री टायर एसीला रुग्णाला पूर्ण, सोबत्याला ७५ टक्के सवलत आहे. पण दाखला उपचार करणाऱ्या रुग्णालयाने द्यायचा, म्हणून पहिल्या फेरीला तो सहसा हातात नसतो. नेमकी हीच फेरी पैशासाठी लांबते. आमच्या निधीचा पहिला हक्क तिच्यावर.

दुसरी अडचण परतल्यावरची. केमोनंतर साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसात पांढऱ्या पेशी तळाला जातात. तेव्हा ताप १००.४ च्या वर गेला की क्रोसिन देऊन सकाळची वाट पाहायची नसते. रुग्णालयात पोचताच तासाभरात शिरेतून अँटिबायोटिक सुरू व्हायला हवं. जतच्या पलीकडच्या वस्तीवरून मिरज गाठायलाच किती वेळ जातो, हे तिकडच्यांना सांगायला नको.

तेव्हा मागणी अशी. जत, आटपाडी, कवठेमहांकाळ, शिराळा इथल्या गाडीवाल्यांनी रात्री फोन उचलण्याची तयारी कळवावी; डिझेल आम्ही देऊ. मुंबईतल्या विटा-आटपाडीच्या गलाई (सोनं-चांदी गाळणाऱ्या) मंडळींनी परळ, दादर किंवा टाटाचं दुसरं केंद्र असलेल्या खारघरजवळ आठ-पंधरा दिवसांसाठी एखादी खोली द्यावी, कारण दादरच्या गाडगेमहाराज धर्मशाळेत दर वेळी जागा मिळेलच असं नाही. डिजिटल थर्मामीटर आणि तुकडा ठेवायला रुंद तोंडाच्या घट्ट झाकणाच्या बरण्या वस्तुरूपात चालतील. बाकीच्यांनी जमेल ती रक्कम द्यावी. जमाखर्च दर महिन्याला मंडळाच्या फलकावर लागेल, रुग्णांची नावं मात्र लागणार नाहीत.

रोख रक्कम पावतीशिवाय कुणाकडेही देऊ नये. उरलेली औषधं कृपया पाठवू नका, ती आम्हाला वापरता येत नाहीत.

कळावे,
रुग्णसहाय्य मंडळ, मिरज