मेमो देण्याआधी

प्रिय सुहास,
सप्रेम नमस्कार.

औषधांच्या चुका बघायच्या समितीवर तुला घेतलं, हे वाचून आधी हसूच आलं. स्वतःची जर्नल्स दुसऱ्याकडून पुरी करून घेणारा तू! असो. सुरुवात कुठून करू विचारतोस, तर ल्यूशियन लीप यांच्यापासून कर.

लीप लहान मुलांचे सर्जन. पन्नाशी उलटल्यावर सर्जरी सोडून आरोग्यधोरण शिकले, मग हार्वर्डला आले. तिथल्या अभ्यासात न्यूयॉर्क राज्यातल्या 51 हॉस्पिटलांचे 1984 सालचे तीस हजारांवर केसपेपर तपासले होते. 3.7 टक्के पेशंटना इजा उपचारांमुळेच झालेली. त्यातलं बरंचसं टाळता आलं असतं, हे लीप यांना खुपलं. पण टाळायचं कसं, याबद्दल वैद्यकाच्या जर्नल्समध्ये जवळपास काहीच नव्हतं. उत्तर सापडलं मानसशास्त्रात आणि इंजिनिअरिंगमध्ये: दमलेला, घाईतला माणूस चुकणारच, धाकानं ते थांबत नाही. कामाची मांडणीच अशी हवी, की चूक करणं अवघड जावं आणि झालीच तर पेशंटपर्यंत पोचण्याआधी अडावी. 1994 च्या डिसेंबरात त्यांनी हे ‘जामा’ या अमेरिकन वैद्यकीय जर्नलात लिहिलं आणि पुष्कळ डॉक्टर भडकले. तिथल्या ‘इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिन’ या संस्थेच्या 1999 च्या अहवालानं अमेरिकेत अशा चुकांनी वर्षाला 44,000 ते 98,000 मृत्यू होतात असं म्हटल्यावर तर आकड्यावरूनच भांडणं लागली. मला तो वाद फुकाचा वाटतो. खालचा आकडा धरला तरी काय कमी आहे?

मी पूर्वी होतो तिथे एकदा डिस्टिल्ड वॉटर समजून पोटॅशियम क्लोराइडची अँप्युल फोडली गेली. शेजारच्या सिस्टरनं लेबल वाचलं म्हणून निभावलं. ते शिरेतून थेट गेलं असतं तर हृदय बंद. चौकशी झाली, मेमो निघाला, आणि दोन्ही अँप्युल त्याच ट्रेमध्ये शेजारी शेजारी राहिल्या! पुढे कुणी काही कळवेनासं झालं, तेव्हा ‘चुका थांबल्या’ म्हणून साहेब खूश. अमेरिकेत याच औषधानं झालेल्या मृत्यूंनंतर 1998 मध्ये ते वॉर्डातल्या साठ्यातून हलवायला सांगितलं होतं. तू हे तरी पहिल्याच आठवड्यात कर.

लीप सगळ्यांनाच माफ करणारे होते असं मात्र समजू नकोस. ज्युनिअरला, सिस्टरला तुच्छतेनं वागवणाऱ्या डॉक्टरांमुळे पेशंटला धोका होतो, हेही त्यांनी 2012 मध्ये लिहिलं. तुमच्या त्या बड्या सर्जनना ते कोण सांगणार? मेट्रनबाईंना समितीत घेच, त्या सांगतील.

वहिनींना नमस्कार. सवडीनं फोन कर, रात्री दहानंतर.

तुझा,
अविनाश