प्रसूतिकक्षात आधी पंप तपासा

अमेरिकेत १३ आठवड्यांच्या करारावर प्रसूतिकक्षात ट्रॅव्हल नर्स म्हणून जाणाऱ्या परिचारिकांनी पगाराची चौकशी करण्याआधी ओरिएंटेशनच्या, म्हणजे नव्या कक्षाची ओळख करून देणाऱ्या, पाळ्या किती, हे विचारावे. अनेकदा एक-दोनच मिळतात, आणि ते खरोखर अपुरे आहे. मोठा धोका ऑक्सिटोसिनच्या, म्हणजे कळा वाढवणाऱ्या औषधाच्या, पंपात असतो. कुठे ५०० मिलिलिटर सलाइनमध्ये ३० युनिट घालतात, कुठे १००० मध्ये २०. मिनिटाला १ मिलियुनिट द्यायचे तर पहिल्यात वेग ताशी १ मिलिलिटर, दुसऱ्यात ३. जुन्या सवयीने पहिल्यालाही ३ लावले की तिप्पट औषध जाते, कळांमध्ये उसंत राहत नाही, बाळाचे ठोके घसरतात. प्रसूतीनंतरच्या रक्तस्रावासाठीची ट्रॉली आणि तो थांबवणाऱ्या मेथर्जिन-कार्बोप्रोस्ट या औषधांचा फ्रिज आधीच पाहून ठेवा. रक्तदाब वाढलेला असेल तर मेथर्जिन टाळतात, दमा असेल तर कार्बोप्रोस्ट.

– एक परिचारिका, न्यू जर्सी