लंडनमधली शॅड थेम्सची गल्ली दाखवणाऱ्या काकांना

आदरणीय काका,

तुमचं नाव विचारायचं राहूनच गेलं. मराठी तुम्हाला वाचता येणार नाही, तरी हे पत्र बाबांच्याच भाषेत लिहावंसं वाटलं.

बाबांनी 34 वर्षं मुंबईच्या गोदीत गोणी वाहिल्या. लंडनला येताना त्यांनी एकच मागितलं होतं, "तिथली गोदी दाखव." म्हणून थेम्सकाठच्या जुन्या धक्क्यांची सहल पैसे भरून ठरवली. व्हीलचेअर आहे हे दोनदा कळवलं होतं. तरी टॉवर ब्रिजवरून खाली उतरणाऱ्या जिन्याशी वाटाड्या म्हणाला, "ह्यांना जमणार नाही, तुम्ही इथेच थांबा." बाबांकडे त्याने पाहिलंसुद्धा नाही. सगळे उतरून गेले. बाबा मला म्हणाले, "राहू दे गं." त्या शब्दांनी मला रडू आलं.

तेवढ्यात तुम्ही आलात. मला नाही, बाबांना विचारलंत, कुठे जायचंय. मग मागच्या रस्त्याने वळसा घालून आम्हाला खाली शॅड थेम्सच्या गल्लीत नेलंत, आणि दगडी फरसबंदीवर चाकं अडायला लागली तेव्हा खुर्ची उलटी फिरवून स्वतः ओढलीत.

दोन्हीकडे बटलर्स व्हार्फची उंच गोदामं. 1873 साली उभी राहिली, 1972 मध्ये बंद पडली. चहा, मसाले इथेच उतरायचे. आज तिथे घरं आणि हॉटेलं आहेत, पण एका गोदामातून समोरच्या गोदामात माल न्यायचे ते लोखंडी पूल अजून डोक्यावर आहेत. नेमकं तेच बाबांना दिसेना. ओझ्यांनी त्यांची मान आखडली आहे, वर होत नाही.

तुमच्या ते लक्षात कसं आलं, काका? मी मुलगी असून माझ्या आलं नाही. तुम्ही बाबांची परवानगी घेतलीत, खुर्ची हळूच मागे कलती केलीत आणि तिचा सगळा भार छातीवर पेलून उभे राहिलात. ओळखदेख नसताना, कुणी सांगितलं नसताना. पैसे घेऊन जे कुणाला सुचलं नाही, ते तुम्हाला नुसतं माणूस म्हणून सुचलं.

खुर्ची कलली तसे बाबा ओरडले, "हबेस!" गोदीत क्रेनवाल्याला माल वर उचल म्हणून सांगतात, तो शब्द. निवृत्तीनंतर मी तो त्यांच्या तोंडून पहिल्यांदाच ऐकला. एकेक पूल त्यांनी बोटाने मोजला. तुमचे हात थरथरत होते, पण तुम्ही घाई केली नाहीत.

पोटभर पाहून झाल्यावर ते हलकेच म्हणाले, "आरिया." म्हणजे खाली घे. मी अर्थ सांगायच्या आतच तुम्ही खुर्ची अलगद खाली टेकवलीत.